धुतल्यावर बंद पडलेली जुनी गाडी: सेल्फ मारण्याआधी काय पाहावं

खंडेनवमीच्या आदल्या दुपारी अमळनेरहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या कुठल्याही वॉशिंग सेंटरवर थांबून बघा. ट्रॅक्टर, पिकअप आणि मोटरसायकलींच्या रांगेत एखादी जुनी मारुती ८०० किंवा ओम्नी हमखास असते. बोनेट उघडं, इंजिनावर पांढरा फेस, आणि पोरगं प्रेशरची नळी घेऊन कानाकोपऱ्यात फवारा मारतंय. वर्षभराची काळ्या मातीची धूळ, गळलेलं ऑइल आणि जिनिंगच्या हंगामात उडून चिकटलेली रुई, या सगळ्याचा जो थर इंजिनावर बसतो तो निघाला की गाडी नवी वाटते. दुसऱ्या दिवशी तिला झेंडूचा हार घालायचा असतो, त्यामुळे घाईही असते. आणि अर्ध्या तासाने त्याच रांगेतली एक गाडी चौघं जण ढकलत बाजूला नेताना दिसतात.

काही वर्षांपूर्वी ती ढकललेली गाडी आमची होती. वडिलांची १९९७ ची, कार्ब्युरेटरवाली मारुती ८००. सेंटरवर स्वतःच्या पायांनी गेली, धुऊन झाल्यावर सेल्फ फिरतोय पण इंजिन घेत नाही. मी सेल्फ मारत राहिलो. सात-आठ वेळा, लांब लांब. शेवटी बॅटरी बसली. मग आमचे ओळखीचे मिस्तरी नाना आले, त्यांचा पहिला शब्द होता, "भो, आते सेल मारू नको." त्यांनी डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगना करंट वाटणाऱ्या भागाचं, झाकण काढलं, आत पाण्याचे बारीक थेंब होते, ते खांद्यावरच्या कोरड्या पंच्याने पुसले, दुसऱ्या गाडीवरून जंप केबल लावली आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. काम दहा मिनिटांचं होतं. बॅटरी मात्र त्या दिवसानंतर सावरली नाही, महिनाभरात बदलावी लागली. तेव्हापासून आजूबाजूच्या बऱ्याच जुन्या गाड्या अशा अवस्थेत पाहिल्या, काही माझ्या हातून चालू झाल्या. त्या अनुभवातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो.

तुमची गाडी धुण्याआधी चालू होत होती, ही एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. टायमिंग, कॉम्प्रेशन, पेट्रोल पंप हे सगळं पाण्याच्या फवाऱ्याने एकाएकी बिघडत नाही. बिघाड जिथे पाणी पोचलं, जिथे प्रेशर बसला किंवा जिथे माणसाचा हात लागला तिथेच असतो. म्हणून इंजिन खोलायचं नाही, तर धुणाऱ्याचा हात कुठून कुठे गेला त्या वाटेने परत चालत जायचं.

सगळ्यात आधी चावी बंद

इंजिन घेत नसताना सेल्फ मारत राहिलं की तीन नुकसानं होतात. एक, बॅटरी उतरते. दुसरं, करंट नसलेल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जात राहतं आणि प्लग ओले होतात. म्हणजे आता पाणी सुकलं तरी गाडी पेट्रोलमुळे चालू होणार नाही. तिसरं नुकसान क्वचित होतं पण सगळ्यात महाग पडतं. एअर फिल्टरचं झाकण उघडं राहिलं असेल आणि पाणी थेट आत ओढलं गेलं असेल, तर सिलिंडरमध्ये पाणी साठतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

म्हणून एकदा प्रयत्न करून गाडी घेतली नाही की चावी काढा, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. बोनेट उघडा आणि आधी वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर पाइप, क्लिपा, कार्ब्युरेटरचा तळ बघा. जुन्या गाडीचे रबरी पाइप आमच्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यांनी कडक आणि तडकलेले असतात, त्यांच्यावर प्रेशर बसला की जिथे नुसती ओल होती तिथे गळती सुरू होते. काही ठिकाणी इंजिन अजूनही डिझेल किंवा रॉकेल फवारून धुतात, त्याची वाफ बोनेटखाली असताना ठिणगी पडणं धोक्याचं आहे. गळती दिसली तर ती दुरुस्त झाल्याशिवाय पुढची एकही पायरी करू नका.

मग धुणाऱ्याला विचारा. रागावून नाही, नीट विचारा: कशावर पिशवी बांधली होती का, कुठली वायर काढली होती का, फिल्टरचं झाकण उघडलं होतं का. पाणी जाऊ नये म्हणून कार्ब्युरेटरच्या तोंडाशी किंवा हवा ओढणाऱ्या नळीत कोंबलेली पॉलिथिनची पिशवी किंवा फडकं तसंच राहून गेलेलं मी दोनदा पाहिलं आहे. इंजिनाला हवाच मिळत नाही, आणि सगळे करंट शोधत बसतात. हे बघायला दोन मिनिटं लागतात, म्हणून हे आधी.

सेल्फचा आवाज काय सांगतो

आता एकदाच, दोन-तीन सेकंद चावी फिरवा आणि कान द्या.

काहीच आवाज नाही किंवा नुसतं टिकटिक होतंय, तर बिघाड बॅटरी ते सेल्फ या वाटेवर आहे. टर्मिनल हाताने हलवून बघा, धुताना ब्रश लागून सैल झालेलं असतं. त्यावरचा पांढरा-हिरवा थर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुऊन काढा, पण दोन्ही टर्मिनल काढूनच. काढताना आधी निगेटिव्ह काढायचं, लावताना ते शेवटी लावायचं. मल्टिमीटर असेल तर पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२ दाखवली तर ती जवळजवळ रिकामी समजा. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली तरी बॅटरी दुबळीच.

सेल्फ जड फिरतो आणि चोकची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागते, तर इंजिनाची अर्थिंग तुटली आहे. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी ती विणलेली पट्टी वर्षानुवर्षं मळाखाली दबलेली असते, मळ निघाला की तिच्यात तग धरून राहिलेले दोन-चार तारही निघतात. मग सेल्फचा करंट मिळेल त्या केबलीतून वाट काढतो. पडताळणी सोपी आहे. जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट लावा. सेल्फ झटक्यात फिरला तर नवी अर्थिंग पट्टी बसवा.

आणि सेल्फने एकच 'ठक्क' केलं आणि जागीच अडकला, तर मात्र तिथेच थांबा. पाणी ओढल्याची ही खूण असू शकते. पुन्हा सेल्फ नाही आणि धक्का तर मुळीच नाही. सगळे प्लग काढा, ठिणगीचा करंट तयार करणाऱ्या कॉइलची बारीक वायर सोडवून ठेवा म्हणजे ठिणगी पडणार नाही, आणि मग सेल्फ फिरवा. पाणी असेल तर प्लगच्या भोकातून पिचकारीसारखं बाहेर येतं, त्यामुळे समोर तोंड नेऊ नका. नंतर प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल घाला, पुन्हा दोनदा फिरवा, मगच प्लग लावा. डिपस्टिक काढून ऑइलही बघा. ते दुधाळ, कॉफीच्या रंगाचं झालं असेल तर पाणी ऑइलच्या चेंबरपर्यंत पोचलं आहे. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलल्याशिवाय इंजिन चालू करू नका.

सेल्फ नेहमीसारखा फिरतोय आणि इंजिन फक्त घेत नाही, ही सगळ्यात जास्त वेळा भेटणारी अवस्था. पुढचा मोठा भाग तिचाच आहे.

डिस्ट्रिब्युटर: पाणी कुठे बसतं आणि का छळतं

कॉइल १२ व्होल्टचे पंधरा-वीस हजार व्होल्ट करते. तो करंट मधल्या जाड वायरने डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात येतो, आत फिरणारा रोटर तो एकेका प्लगच्या वायरीकडे पाठवतो. एवढा मोठा दाब सगळ्यात सोपी वाट शोधतो. झाकण कोरडं असेल तर प्लगच्या टोकाची फट हीच सोपी वाट. झाकणाच्या आतल्या भिंतीवर ओल असेल तर करंट त्या ओलीवरून सरपटत बॉडीत उतरतो आणि प्लगपर्यंत काही पोचत नाही.

आता लोक म्हणतात, झाकण तर घट्ट होतं, पाणी आत गेलं कसं? दोन वाटांनी. प्रेशरच्या फवाऱ्यापुढे झाकणाची कड आणि वायरींची रबरी टोपणं टिकत नाहीत. आणि इंजिन गरम असताना धुतलं की आत शिरलेल्या थोड्याशा पाण्याची वाफ होते, ती झाकणाच्या आतल्या बाजूला, वरणाच्या पातेल्यावरच्या ताटलीसारखी, थेंबाथेंबाने जमते. बाहेरून सगळं कोरडं दिसतं.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट आहे. वॉशिंग सेंटरवर पाणी असतं बोअरचं, आणि बोअरचं पाणी जड. हीटरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोटीवर जो पांढरा थर बसतो तोच थर झाकणाच्या आतही बसतो. क्षारांचं पाणी करंट जास्त चांगलं वाहून नेतं. आणि पाणी उडून गेलं तरी क्षार तिथेच राहतात, पहाटेच्या दमट हवेत पुन्हा ओलावतात. त्यामुळे 'उन्हात ठेवा, आपोआप सुकेल' हा सल्ला अर्धाच खरा आहे. दुपारी चालू झालेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रुसते ती यामुळेच. नुसतं सुकवून भागत नाही, पुसून काढावं लागतं.

हातात हव्यात एवढ्या वस्तू: स्क्रूड्रायव्हर, प्लग पाना, न विसविसणारं कोरडं सुती फडकं (जुनं धोतर उत्तम), मार्कर, टेस्ट लॅम्प आणि एक चांगला जास्तीचा प्लग. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मिळाली तर फारच बरं.

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. मारुती ८०० मध्ये डिस्ट्रिब्युटर हेडच्या एका टोकाला कॅमशाफ्टवर बसलेला असतो, अँबॅसडरमध्ये इंजिनाच्या बाजूला खाली. झाकण दोन क्लिपांवर किंवा दोन स्क्रूंवर असतं. ते काढण्याआधी प्रत्येक वायरीवर आणि तिच्या खोबणीवर मार्करने नंबर टाका, मोबाइलवर फोटोही घ्या. हे काम जो टाळतो तो हमखास अडकतो. मारुती ८०० चा फायरिंग क्रम १-३-२ आहे, पद्मिनी आणि अँबॅसडरचा १-३-४-२. तीन वायरींपैकी दोन अदलाबदल झाल्या की क्रमच उलटा होतो, गाडी चालू न होता कार्ब्युरेटरमधून फटाके मारते, आणि पाण्यावर उपाय करता करता आपण नवा बिघाड जन्माला घालतो.

झाकण उलटं करून उजेडात धरा. थेंब असतील तर आधी कोरड्या फडक्याने टिपा. मग फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर घेऊन आतली भिंत, मधला कार्बनचा गोल दांडा आणि भोवतीचे धातूचे खिळे पुसा. पेट्रोलने पुसू नका. त्याची वाफ झाकणाखाली अडकली आणि ठिणगी पडली तर झाकणच उडतं. डब्ल्यूडी-४० फवारायला हरकत नाही, पाणी हटवणं हेच त्या द्रव्याचं मूळ काम, नावातच ते आहे. पण तेही पेट घेणारं आहे. फवारून लगेच झाकण लावू नका, पुसून घ्या, पाच मिनिटं उघडं ठेवा.

झाकण गॅसच्या शेगडीवर किंवा तव्यावर तापवून सुकवणारे लोक आहेत. ते करू नका, बॅकेलाइट आणि प्लॅस्टिक तडकतं. उन्हात ठेवा. चैत्र-वैशाखात आमच्याकडे अर्धा तास पुरतो, दसऱ्याच्या दिवसांत दीड-दोन तास धरा. घरातला हेअर ड्रायर मंद गरम हवेवर चालेल.

पुसल्यावर बारकाईने बघा. पेन्सिलने ओढल्यासारखी, झाडाच्या मुळासारखी फाटे फुटलेली काळी रेष दोन खिळ्यांच्या मधे किंवा खिळ्यापासून कडेपर्यंत दिसतेय का? ती करंटने जाळून पाडलेली वाट आहे. एकदा पडली की कोरड्या झाकणातही करंट तिथूनच जातो. ब्लेडने खरवडून काही दिवस काम निघतं, पण अशा वेळी झाकण बदलणं हाच खरा उपाय. रोटरही काढून त्याच्या पाठीवर तशी रेष किंवा भोक आहे का बघा. रोटर एकाच दिशेने बसतो, बळजबरी करू नका.

पॉइंटवाली गाडी असेल तर झाकणाखाली पॉइंटही, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे दोन धातूचे ठिपके, दिसतील. त्यांच्यामध्ये पाण्याचा किंवा तेलाचा पापुद्रा बसला की कॉइलला उघडझाप मिळत नाही. पॉइंट मिटलेले असताना लग्नपत्रिकेसारख्या कोऱ्या जाड कागदाची पट्टी मधून ओढून काढा, दोन-तीनदा, काळं उमटणं थांबेपर्यंत. पॉइंटची फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघा, बहुतेक जुन्या गाड्यांत ती ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते. तुमच्या गाडीचं पुस्तक वेगळं सांगत असेल तर पुस्तकाचं ऐका.

पुढे प्लगच्या वायरी. एका वेळी एकच वायर काढायची, तीही वायर धरून न ओढता रबरी टोपण धरून फिरवत. टोपणाच्या आत फडकं घाला, हवा मारा. प्लग ज्या खोलगट खड्ड्यात बसतात तिथे पाणी साठून राहतं आणि वरून दिसत नाही. आधी हवा मारून किंवा फडक्याची वात सोडून ते पाणी काढा, मगच प्लग सोडवा, नाहीतर पाणी आणि खडे थेट सिलिंडरमध्ये पडतात. प्लगची पांढरी चिनी माती पुसा. मारुतीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, त्यामुळे प्लग परत लावताना पहिले चार-पाच आटे हातानेच बसवा, पाना शेवटी. कॉइलचं मधलं तोंडही विसरू नका. तिथल्या रबरी टोपणाखाली पाणी अडकतं, ते फार कमी लोक बघतात.

करंट येतोय का?

सगळं पुसून, लावून, बॅटरी जोडून एकदा पाच सेकंद सेल्फ मारा. बऱ्याच गाड्या इथेच चालू होतात. नाही झाली तर करंट तपासायचा.

हातात वायर धरून करंट बघायची जी पद्धत गॅरेजात दिसते ती अंगावर येऊ शकते. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या (पॉइंटऐवजी मॉड्यूल असलेल्या) गाडीत धक्का पॉइंटपेक्षाही जोराचा असतो, पेसमेकर बसवलेल्या माणसाने तर त्या वेळी बोनेटजवळही थांबू नये. जास्तीचा प्लग वायरीच्या टोपणात बसवा, प्लगचं धातूचं अंग जंप केबलच्या चिमट्याने इंजिनाच्या धातूला पक्कं धरवा, कार्ब्युरेटरपासून लांब. हात काढून घ्या आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. वायर हवेत मोकळी ठेवून सेल्फ मारू नका, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल त्याने जळू शकतं.

ही तपासणी दोन जागी करायची. पहिल्यांदा कॉइलहून डिस्ट्रिब्युटरकडे येणाऱ्या मधल्या वायरीच्या टोकाला, दुसऱ्यांदा एखाद्या प्लगच्या वायरीला. निळी, चटचट वाजणारी ठिणगी चांगली, पिवळी-नारिंगी आणि मरतुकडी असेल तर करंट वाटेत गळतोय. कॉइलपाशी चांगली आणि प्लगपाशी नाही, तर दोष झाकण, रोटर किंवा वायरींत. पुन्हा तिथेच जा. कॉइलपाशीच नाही, तर चावी चालू ठेवून टेस्ट लॅम्प कॉइलच्या पॉझिटिव्हला लावा. लागला नाही तर फ्यूज, चावीकडून येणारी वायर किंवा बॅटरीजवळची मेन फ्यूज बघा. लागला, तर लॅम्प निगेटिव्हच्या बाजूला लावून सेल्फ मारा. तो लुकलुकला पाहिजे. लुकलुकत नसेल तर पॉइंट किंवा मॉड्यूल काम करत नाही. लुकलुकतोय आणि तरी ठिणगी नाही, तर कॉइलकडे संशय जातो.

वायरींचं म्हणाल तर उंदरांना विसरू नका. कपाशी-केळीच्या शेतांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर वायरींची साल खातात. उघड्या तांब्यावर मळाचा थर होता तोवर निभावलं, थर निघाला आणि पाणी लागलं की शॉर्ट. धुतल्यानंतरचा दिवस अशा जागा शोधायला सगळ्यात चांगला, कारण आता त्या दिसतात.

करंट आहे, तरी घेत नाही

प्लग काढून बघा. पेट्रोलने ओलेचिंब असतील तर पेट्रोल ओव्हर झालं आहे. प्लग पुसून सुकवा, लावा, चोक ओढू नका, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा (पंप करत राहायचं नाही) आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारा. बऱ्याच एमपीएफआय गाड्यांतही (कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने इंजेक्टरमधून पेट्रोल फवारणाऱ्या) हीच युक्ती चालते, पूर्ण दाबलेला पाय पाहून कॉम्प्युटर इंजेक्टर बंद ठेवतो. प्रत्येक प्रयत्नानंतर सेल्फला अर्धा-एक मिनिट विसावा द्या.

प्लग कोरडे ठणठणीत असतील तर पेट्रोलच येत नाही. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये (पेट्रोल साठतं त्या वाटीत) पाणी शिरलंय का ते बघायला तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि थोडा वेळ स्थिर ठेवा. पाणी खाली वेगळं बसलेलं दिसेल. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी धरून ठेवतं, म्हणून थोडं पाणी मिसळलेलं दिसणारही नाही. शंका असेल तर चेंबर पूर्ण रिकामा करून घ्या.

एअर फिल्टरचा कागद भिजला की लगदा होऊन हवा अडवतो. नवा बसवा. फिल्टरशिवाय कार्ब्युरेटरवाली गाडी चालू करून बघू नका, उलटा भडका आला तर तोंडावर येतो.

एमपीएफआय, गॅस आणि डिझेल

साधारण २००० नंतरच्या पेट्रोल गाड्यांत चावी चालू करताच चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद पंपाची घरघर ऐकू आली पाहिजे. दिवा लागतच नाही तर कॉम्प्युटरला वीज पोचत नाही, फ्यूज आणि रिले बघा. दिवा आहे, पंप गप्प आहे, तर पंपाचा रिले. दोन्ही आहेत आणि तरी घेत नाही, तर क्रँक किंवा कॅम सेन्सरच्या कनेक्टरमध्ये पाणी असण्याची शक्यता मोठी. बॅटरीचं निगेटिव्ह काढूनच कनेक्टर सोडवा, कॉन्टॅक्ट क्लीनर फवारा, हवा मारा. लॉकची पट्टी हळू उचला, उष्णतेने ती ठिसूळ झालेली असते. चावीचं किंवा कुलपाचं चित्र भराभर लुकलुकत असेल तर गाडी चावी ओळखत नाहीये, भिजलेली चावी सुकवा किंवा दुसरी लावा.

गॅसवर चालणाऱ्या ओम्नीला आधी पेट्रोलच्या स्विचवर आणून बघा. पेट्रोलवर घेतली तर दोष किटच्या वायरिंगमध्ये. गॅसचा वास आला तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि किटवाल्यालाच बोलवा.

जुन्या जीप-सुमोसारख्या डिझेल गाडीला प्लगचा करंट लागतच नाही, म्हणून वरचं डिस्ट्रिब्युटर पुराण तिला लागू नाही. पंपावर डिझेल तोडणारा सोलेनॉइड असेल तर चावी फिरवताच 'टक्' वाजतो. नाही वाजला तर त्याची वायर ओली किंवा निसटलेली आहे. हिटर प्लगचा रिले बघा. पाइपाची क्लिप हलून हवा धरली असेल तर हातपंपाने हवा काढा. पाणी ओढल्याचा धोका डिझेलमध्ये जास्त, कारण तिथे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा मुळातच कमी असते. कॉमन रेल (फार मोठ्या दाबाने डिझेल फवारणाऱ्या) गाडीचे जाड लोखंडी पाइप घरी सोडवू नका.

चालू झाली, पण मिसिंग मारते

गाडी चालू झाली की लगेच बंद करू नका. दहा-पंधरा मिनिटं उभीच चालू द्या, इंजिनाच्या स्वतःच्या उष्णतेने उरलेली ओल जाते. तरी मिसिंग राहिलं तर रात्री, अंधारात, बोनेट उघडून चालू इंजिनाच्या वायरी नुसत्या बघा. जिथे निळी किनार चमकते किंवा ठिणगी बॉडीकडे उडी मारते, ती वायर गेली. पूर्ण संच बदला, एकेक बदलून समाधान होत नाही. मिसिंग असताना गाडी दामटत नेऊ नका, विशेषतः कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा भाग) असलेली. न जळालेलं पेट्रोल त्यात जाऊन जळतं आणि तो भाग खराब होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चालू करून बघाच. तेव्हा अडली तर झाकणात क्षार राहिले आहेत. पुन्हा उघडा आणि या वेळी पिण्याच्या नाही, बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने ओलावलेल्या फडक्याने पुसा, मग कोरडं करा.

पुढच्या वेळी धुताना

इंजिन हाताला गार लागल्याशिवाय पाणी नाही. तापलेल्या इंजिनावर गार पाणी पडलं की झाकण आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकू शकतात. खरं तर जुन्या इंजिनाला प्रेशर लागतच नाही. डिग्रीजर (तेलकट मळ सोडवणारं द्रव्य) लावा, दहा मिनिटं थांबा, जुन्या ब्रशने घासा आणि हलक्या धारेने किंवा ओल्या फडक्याने काढा. जिथे बोटाने मळ निघत नाही तिथे पुन्हा डिग्रीजर, प्रेशर नाही. बाहेर धुवायला दिलीच तर डोळ्यांसमोर धुऊन घ्या आणि वायरींवर नळी धरू नका असं आधीच सांगा.

धुण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं, डिस्ट्रिब्युटर, कॉइल, अल्टरनेटर आणि हवा ओढणारं तोंड पिशव्यांनी बांधायचं, धुतल्यावर हवा मारून बोनेट उघडं ठेवून ऊन द्यायचं. आम्ही चार पिशव्या बांधतो, चारही लाल रंगाच्या, म्हणजे इंजिनात उठून दिसतात. गाडीची चावी हवेच्या तोंडावरच्या पिशवीच्या गाठीतच अडकवून ठेवतो. पिशवी सोडल्याशिवाय चावी हातात येत नाही.